घरपट्टीचं बिल यायच्या आधी टेप काढा: कोकणातल्या घराची आकारणी कशी तपासावी

घरपट्टीवरून ग्रामपंचायतीत जी भांडणं होतात, ती जवळजवळ सगळी चुकीच्या वेळी होतात. बिल हातात पडतं, आकडा मोठा दिसतो, माणूस तावातावाने कार्यालयात जातो आणि "एवढी पट्टी कशी?" एवढंच विचारतो. समोरचा नोंदवही उघडतो, त्यातल्या नोंदीप्रमाणे आकडा बरोबरच असतो, आणि माणूस गप्प बसून परत येतो. चूक बिलात नसते, नोंदीत असते. क्षेत्रफळ, बांधकामाचा प्रकार, बांधल्याचं वर्ष आणि वापर या चार रकान्यांत चुकीचं काही बसलं, की ते वर्षानुवर्षं बिलातून उतरत राहतं.

ग्रामपंचायत हद्दीत आकारणी यादी दर चार वर्षांनी नव्याने होते. मधल्या वर्षांत कुणी खोली वाढवली, घर विकलं, वापर बदलला, तर तेवढी दुरुस्ती होते. मागणी मात्र दर वर्षी १ एप्रिलपासून नव्याने निघते. म्हणून दर वर्षी एकदा उतारा बघायचा, आणि चार वर्षांची फेरआकारणी यायची असेल तेव्हा पूर्ण तयारीनिशी बघायचा. पुढचा क्रम मी देवगड-मालवण बाजूच्या घरांच्या अनुभवावरून लिहितोय. गुहागर, दापोली, श्रीवर्धनकडे घराच्या भागांची नावं बदलतील, कागद तेच राहतील.

## पायरी १: बरोबर उतारा काढा

पहिली चूक इथेच होते. लोक तलाठ्याकडे जाऊन 'आठ-अ' मागतात आणि तो घेऊन ग्रामपंचायतीत भांडायला जातात. गाव नमुना ८-अ हा महसूल खात्याचा खातेउतारा. तुमच्या नावावर कोणत्या सर्व्हे नंबरात किती जमीन आहे ते त्यात असतं, घराचा तपशील नसतो. तुम्हाला हवा आहे तो ग्रामपंचायत नमुना ८, म्हणजे कर आकारणी नोंदवहीचा उतारा. आमच्याकडे अजून 'असेसमेंटचा उतारा' किंवा 'घरपत्रक' म्हणतात. कार्यालयात जाऊन "ग्रामपंचायतीचा नमुना ८" असं स्वच्छ सांगा.

सोबत तीन नमुने लक्षात ठेवले की पुरे. नमुना ८ म्हणजे आकारणी, नमुना ९ म्हणजे त्यावरून निघालेली मागणी आणि थकबाकी, नमुना १० म्हणजे पैसे भरल्याची पावती. दुरुस्ती ८ मध्ये झाली तरच ९ बदलतो. थकबाकीचा आकडा चुकलेला असेल तर वाद नमुना ९ चा आहे आणि पुरावा नमुना १० च्या जुन्या पावत्या.

नमुना ८ चा उतारा २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याखालच्या सेवांत येतो. त्यामुळे "पुढच्या आठवड्यात या" असं चौथ्यांदा ऐकायला लागलं, तर लेखी अर्ज करून पोच घ्या. 'महा ई-ग्राम सिटिझन कनेक्ट' या अ‍ॅपवरूनही अर्ज करता येतो. पण चार वर्षांची यादी चालू असताना मी स्वतः कार्यालयात जाऊन नोंदवहीतलं पान डोळ्याने बघतो. संगणकावरचा उतारा आणि वहीतलं पान यांत फरक निघालेला मी पाहिलाय.

तपासा: उताऱ्यावर घर नंबर, वाडी, सर्व्हे नंबर-हिस्सा नंबर, मालकाचं नाव आणि भोगवटा करणाऱ्याचं नाव हे सगळं भरलेलं आहे ना? कोकणात घरं वाड्यावाड्यांत विखुरलेली, बरीचशी सातबाऱ्याच्या जमिनीत उभी. सर्व्हे नंबरचा रकाना मोकळा राहिला, तर पुढे वाटणीच्या वेळी 'हे घर नेमकं कुठल्या हिश्श्यात?' यावरून सख्खे भाऊ कोर्टात जातात.

सावधान: नमुना ८ हा कर आकारणीचा कागद आहे, मालकी हक्काचा नव्हे. किनाऱ्यालगत तर हे पाठच करून ठेवा. परवानगी नसलेल्या बांधकामालाही घर नंबर मिळतो आणि पट्टी लागते. पण पट्टी भरली म्हणून बांधकाम अधिकृत होत नाही, आणि सीआरझेडची (किनारा नियमन क्षेत्राची) परवानगी मिळाली असंही होत नाही. असेसमेंट दाखवून कुणी समुद्राजवळचं घर विकायला काढलं, तर बाकीचे कागद मागा.

## पायरी २: घर स्वतः मोजा

हे काम मे महिन्यात उरका. पाऊस लागला की परड्यातून टेप ओढता येत नाही, फोटोही काळे येतात.

लागणाऱ्या वस्तू: ३० मीटरचा टेप, वही, पेन्सिल, आणि टेपचं दुसरं टोक धरायला एक माणूस. घराचा जमिनीवरचा आराखडा वहीत काढा. ओटी, माजघर, खोल्या, स्वयंपाकघर, पडवी, न्हाणी. प्रत्येक भागाची लांबी-रुंदी वेगळी लिहा, शेवटी बेरीज करा. एकाच फटक्यात सगळं घर चौकोन धरून मोजू नका. जुनी घरं क्वचितच चौकोनी असतात. मागच्या पिढीत कुणीतरी एक खोली काढलेली असते, कुणीतरी पडवी बंद केलेली असते.

मोज भिंतीच्या बाहेरच्या कडेपासून घ्या. कौलांची वळचण भिंतीच्या दोन-अडीच फूट बाहेर आलेली असते. मोजणाऱ्याने घाईत पागोळ्यांच्या रेषेवरून टेप लावला, तर चारही बाजूंनी घर फुगतं. तीस बाय चोवीस फुटांचं घर चारही बाजूंनी दोन दोन फूट फुगलं की चौतीस बाय अठ्ठावीस होतं. ७२० चौरस फुटांचे ९५२ झाले. वळचणीखाली कुणी राहत नाही, पट्टी मात्र तिचीही लागते.

पडवीचं तीन प्रकारांत वर्गीकरण करा: तिन्ही बाजूंनी उघडी, अर्धी भिंत किंवा रेजे असलेली, आणि पूर्ण बंद करून खोली केलेली. उताऱ्यात ती कशी लिहिली आहे ते बघा. खळ्यावर पावसापुरता घातलेला माटव (मांडव) किंवा पत्र्याची तात्पुरती शेड कायमच्या बांधकामात आलेली असेल, तर ती वेगळी दाखवा आणि पावसाळ्याआधीचा व नंतरचा फोटो ठेवा.

आता फूट आणि मीटर. आकारणी चौरस मीटरमध्ये होते आणि गवंडी फुटात बोलतो. १ चौरस मीटर म्हणजे १०.७६४ चौरस फूट. ७२० चौरस फुटांचं घर ६६.८९ चौरस मीटर होतं. फुटाचा आकडा मीटरच्या रकान्यात तसाच चढला, तर घर कागदावर पावणेअकरा पट मोठं होतं. हसू नका. फुटाचा आणि मीटरचा रकाना शेजारी शेजारी असला, की भराभर भरताना हे होतं.

जमिनीचं क्षेत्रफळही बघा. घरामागचं परडं, माड, दोन-चार कलमं मिळून पाच गुंठे आवार असतं, आणि घराच्या नोंदीत जमीन म्हणून ते सगळंच चढतं. शेतसारा लागू असलेल्या जमिनीवर ग्रामपंचायत जमिनीचा कर लावत नाही. तिच्यावर उभ्या असलेल्या इमारतीवर मात्र लावते. तेव्हा घराखालची जागा आणि बागायत या दोन गोष्टी सातबारा पुढे ठेवून वेगळ्या दाखवा.

तपासा: मांगर (पेंढा, सामान ठेवायची घराबाहेरची खोपी) आणि गोठा कुठे नोंदलाय? आमच्या मांगराला स्वतंत्र घर नंबर होता, निवासी म्हणून. आणि मूळ घराच्या क्षेत्रफळातही तो मिळवलेला होता. आठ वर्षं आम्ही त्याची पट्टी दोनदा भरली. मांगरात कोण राहत होतं? भाताची पेंढी आणि एक मांजर. दोन्ही उतारे शेजारी ठेवून बेरीज केली असती तर पहिल्याच वर्षी सापडलं असतं.

## पायरी ३: बांधकामाचा प्रकार, आणि चिऱ्याच्या घराची खरी गोम

सगळ्यांत जास्त पैसे या एका रकान्यात अडकतात. ग्रामपंचायतीच्या नियमांत इमारतींचे ढोबळ वर्ग असे आहेत: झोपडी किंवा मातीची इमारत, दगड-विटांची पण मातीत बांधलेली, दगड-विटांची चुन्यात किंवा सिमेंटमध्ये बांधलेली, आणि आरसीसी (लोखंडी सळ्यांचं काँक्रीट). वर्ग वर चढला की बांधकामाचा दरही चढतो आणि कराचा दरही. म्हणजे मार दुहेरी.

आपल्याकडची जुनी घरं जांभ्या दगडाच्या चिऱ्यांची. चिरा पक्का दिसतो, म्हणून लिहिणारा 'पक्के' लिहून मोकळा होतो. पण प्रश्न चिऱ्याचा नाही, दोन चिऱ्यांच्या मध्ये काय आहे याचा आहे. पन्नास-साठ वर्षांपूर्वीची कित्येक घरं मातीत बांधलेली आहेत. पुढे मुंबईहून पैसे आल्यावर बाहेरून सिमेंटचा गिलावा केला, ऑइलपेंट लावला, खाली लादी घातली. रस्त्यावरून बघणाऱ्याला ते घर सिमेंटचंच वाटणार.

हे सिद्ध कसं करायचं? माळ्यावर चढा. कौलांखालच्या त्रिकोणी भिंतीला आतून सहसा कुणी गिलावा करत नाही. तिथे चिऱ्यांचे सांधे उघडे दिसतात. खिळ्याने सांधा जरा खरवडला की लाल माती भुरभुर खाली पडते. सिमेंट असेल तर खिळा नुसता घासला जातो. तिथे पट्टी धरून जवळून फोटो काढा, आणि दुसरा फोटो लांबून, घराचे वासे आणि आढं दिसेल असा, म्हणजे तो याच घराचा आहे हे कळेल. शेजारच्या काकांच्या घराची तपासणी करायला माणूस आला तेव्हा काकांनी त्याला चहा नंतर, आधी शिडी दाखवली. "वर चढान बघा, मगे लिवा काय ता." तो चढला, खाली उतरून बोटाची माती झटकली आणि रकाना बदलला. अर्ज, हरकत, सुनावणी काही लागलं नाही.

दुसरी नेहमीची चूक स्लॅबची. मागे न्हाणी-संडासावर आठ बाय दहाचा स्लॅब घातला, वर पाण्याची टाकी बसवली, आणि अख्खं कौलारू घर आरसीसी म्हणून नोंदलं गेलं. अशा वेळी नोंद तोडून घ्या: मूळ घर एक ओळ, स्लॅबचा भाग दुसरी ओळ, प्रत्येकाचं क्षेत्रफळ आणि वर्ष वेगळं. नोंदवहीत एका मालमत्तेखाली वेगवेगळ्या प्रकारची बांधकामं वेगळी दाखवता येतात. मागितलं नाही तर कुणी आपणहून करणार नाही.

सावधान: उलट्या बाजूनेही खरं बोला. घर खरोखरच सिमेंटमध्ये नव्याने बांधलंय आणि उताऱ्यात अजून मातीचं आहे, म्हणून गप्प बसलात, तर पट्टी वाचते. पण उद्या बँकेत कर्जाला, विम्याला किंवा वादळात पडझड झाल्यावर पंचनाम्याला तोच उतारा पुढे येतो. २०२० च्या निसर्ग वादळानंतर भरपाईच्या रांगेत उभं राहिलेल्यांना वेगळं सांगायला नको.

## पायरी ४: वर्ष

जुन्या घराच्या बांधकामाची किंमत घसारा लावून कमी धरतात. वर्षांचे टप्पे ठरलेले आहेत, आणि पक्क्या व कच्च्या बांधकामांचे तक्ते वेगळे आहेत. बांधल्याचं वर्ष कोरं असेल किंवा दुरुस्तीचं वर्ष तिथे बसलं असेल, तर घर कागदावर कालपरवाचं होतं.

कौलं बदलली, वासे बदलले, लादी घातली, ही दुरुस्ती. तिने घराचं वय कमी होत नाही. नवी खोली काढली तर त्या खोलीचं वर्ष नवं, घराचं जुनंच. पुरावा म्हणून जुन्या घरपट्टीच्या पावत्या सगळ्यांत चांगल्या. त्या नसतील तर वीजजोडणीचं जुनं बिल, जुना असेसमेंट उतारा, वाटणीपत्र, घराचा उल्लेख असलेलं खरेदीखत. देवघराच्या चौकटीवर कोरलेलं वर्ष बऱ्याच घरांत असतं. एकट्या त्यावर काम होत नाही, पण बाकी कागदांना जोड म्हणून फोटो लावायला हरकत नाही.

## पायरी ५: वापर

निवासी वापराचा भारांक (वापरानुसार मूल्याला गुणायचा आकडा) १ धरतात, वाणिज्य वापराचा १.२५, उद्योगाचा १.२०. किनाऱ्यावर हा रकाना आता तापलाय, कारण दर तिसऱ्या घरात दोन खोल्या पाहुण्यांना दिल्या जातात.

इथे सरसकट काही ठरवू देऊ नका. सात खोल्यांपैकी दोन खोल्या पर्यटकांना देत असाल, तर वाणिज्य वापर त्या दोन खोल्यांच्या क्षेत्रफळापुरता दाखवा. एमटीडीसीकडे (राज्याच्या पर्यटन महामंडळाकडे) किंवा पर्यटन विभागाकडे निवास-न्याहारीची नोंदणी असेल, तर प्रमाणपत्राची प्रत अर्जाला जोडा आणि निवासी आकारणी मागा. नोंदणी नसेल तर 'कधीमधी पाहुणे येतात' या सबबीवर फार भिस्त ठेवू नका. रस्त्यावरचा 'रूम उपलब्ध' फलक तपासणीच्या माणसालाही वाचता येतो. ओटीवर पूर्वी किराणा दुकान होतं आणि ते बंद होऊन दहा वर्षं झाली, अशा घरांनी तर हा रकाना आधी बघावा.

## पायरी ६: हिशेब घरी करून बघा

डिसेंबर २०१५ मध्ये नियम बदलले, आणि तेव्हापासून ग्रामपंचायतीची इमारतीवरची पट्टी भांडवली मूल्यावर निघते. सूत्र दिसायला अवघड, करायला सोपं:

जमिनीचं मूल्य = जमिनीचं क्षेत्रफळ × रेडीरेकनरचा जमिनीचा दर
इमारतीचं मूल्य = बांधकामाचं क्षेत्रफळ × त्या प्रकारचा बांधकाम दर × घसारा
भांडवली मूल्य = दोन्हींची बेरीज × भारांक
कर = भांडवली मूल्याच्या दर हजार रुपयांमागे ठरलेले पैसे

रेडीरेकनर म्हणजे नोंदणी व मुद्रांक विभागाचे वार्षिक मूल्यदर तक्ते. विभागाच्या संकेतस्थळावर जिल्हा, तालुका, गाव निवडलं की दिसतात. आकारणीसाठी ग्रामपंचायतीने कोणत्या वर्षाचे दर धरलेत ते विचारून घ्या, नाहीतर तुम्ही भलत्याच वर्षाचा हिशेब घेऊन जाल.

एक उदाहरण करू. यातले दर मी गणित सोपं व्हावं म्हणून धरलेत, तुमच्या गावाचे वेगळे असणार. घर ६७ चौरस मीटर. जमिनीचा दर ६०० रुपये, बांधकामाचा १२,००० रुपये, घसाऱ्यानंतर उरणारं मूल्य ४० टक्के, कर हजारी ९० पैसे.

जमीन: ६७ × ६०० = ४०,२०० रुपये. इमारत: ६७ × १२,००० × ०.४० = ३,२१,६०० रुपये. बेरीज ३,६१,८००. निवासी वापर, म्हणून १ ने गुणून तेवढीच. कर ३२५ रुपये ६२ पैसे.

आता फक्त बांधल्याचं वर्ष कोरं सोडा, म्हणजे घसारा नाही. इमारत ८,०४,००० होते, बेरीज ८,४४,२००, कर ७५९ रुपये ७८ पैसे. एका कोऱ्या रकान्याने पट्टी दुपटीच्या पुढे गेली. त्यावर वापर वाणिज्य पडला तर ९४९ रुपये ७३ पैसे. आणि सुरुवातीच्या बरोबर हिशेबात घराखालच्या जागेशिवाय परड्याची पाचशे चौरस मीटर जमीन चढली, तर तेवढ्यानेच २७० रुपयांची भर.

एवढं करून झालं की तुमचा आकडा नमुना ८ मधल्या आकड्याशी लावून बघा. फरक कुठल्या रकान्यात आहे ते आपोआप दिसतं. बिलात याशिवाय दिवाबत्ती कर, आरोग्य कर, पाणीपट्टी असतात. पाणीपट्टी घरपट्टीच्या आकारणीचा भाग नाही. तिची तक्रार वेगळ्या अर्जावर करा, एकात मिसळू नका.

## पायरी ७: नाव

थोडक्यात सांगतो, कारण हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. सातबाऱ्यावर वारसांची नावं चढली म्हणजे नमुना ८ वर आपोआप चढत नाहीत. महसूल खात्याचा फेरफार वेगळा, ग्रामपंचायतीचा ठराव वेगळा. आजोबांच्या नावावर घर, आजोबा जाऊन तीस वर्षं झालेली, नोटीस त्यांच्याच नावाने निघते आणि बंद दाराच्या कडीला अडकवली जाते. मग हरकत घ्यायची कुणी?

मृत्यूचा दाखला, सगळ्या वारसांची नावं आणि त्यांची संमती घेऊन अर्ज द्या. एकट्याचंच नाव लावायच्या भानगडीत पडू नका. चार भावांपैकी गावात राहणाऱ्याने गुपचूप स्वतःचं नाव लावलं, की त्या साली गणपतीला घरात आरत्यांपेक्षा भांडणंच जास्त ऐकू येतात.

## पायरी ८: हरकत, मुदतीच्या आत

यादी तयार झाली की ग्रामपंचायत ती पाहण्यासाठी ठेवते आणि हरकतींची मुदत नोटिशीत देते. कार्यालयाच्या फलकावरची नोटीस मुंबईत दिसत नाही. घर बंद असेल तर गावातल्या एका माणसाला हे काम स्पष्ट सांगून ठेवा: फलकावर 'आकारणी' असा शब्द दिसला की फोटो पाठव. ग्रामसेवकाचं पद आता 'ग्रामपंचायत अधिकारी' झालंय. नोटिशीखाली नवं पदनाम बघून हा कोण वेगळा साहेब, म्हणून गोंधळू नका.

अर्जात राग लिहू नका. 'पट्टी अवाजवी आहे, कमी करावी' या वाक्यावर कुणालाच काही करता येत नाही. रकान्यागणिक लिहा. असं:

"घर क्रमांक अमुक, वाडी तमुक. नमुना ८ मध्ये बांधकामाचा प्रकार 'दगड-सिमेंट' नोंदला आहे. प्रत्यक्षात भिंती मातीत बांधलेल्या आहेत. माळ्यावरील भिंतीचे दोन फोटो जोडले आहेत. क्षेत्रफळ ८८.४४ चौ. मी. नोंदले आहे; प्रत्यक्ष मोजणीनुसार ६६.८९ चौ. मी. आहे. आराखडा जोडला आहे. कृपया प्रत्यक्ष पाहणी करून नोंद दुरुस्त करावी व पाहणीची तारीख कळवावी."

शेवटचं वाक्य विसरू नका. पाहणीची तारीख मागितली की अर्ज कपाटात पडून राहत नाही.

जोडण्याचा क्रम: नमुना ८ चा चालू उतारा, त्याच्या पाठीमागे तुमचा आराखडा, मग फोटो, मग जुन्या पावत्या, शेवटी सातबारा. प्रत्येक पानावर सही आणि क्रमांक. दोन प्रती न्या; एकीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेऊनच बाहेर पडा.

सावधान: पोच न घेता दिलेला अर्ज दिलाच नाही असं समजा. "ठेवा टेबलावर, बघतो" याला पोच म्हणत नाहीत.

पाहणीला घरातलं कुणीतरी हजर हवं. चावी शेजाऱ्याकडे आणि शेजारी लग्नाला, असं झालं की बाहेरून बघून लिहितात, आणि बाहेरून बघितलेलं घर नेहमी पक्कंच दिसतं.

ग्रामपंचायतीने हरकत फेटाळली, तर ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १२४ नुसार पंचायत समितीकडे अपील करता येतं, आणि त्यापुढे जिल्हा परिषदेच्या स्थायी समितीकडे. त्यासाठी ग्रामपंचायतीचा निर्णय लेखी हवा. तोंडी "नाही होत" ऐकून परत येऊ नका. दरम्यान पट्टी थांबवून बसू नका. भरा, आणि हरकत चालू असल्याचं पत्र वेगळं द्या. थकबाकी झाली की मूळ मुद्दा बाजूला पडतो आणि तुम्ही 'थकबाकीदार' म्हणून ओळखले जाता.

## नगरपरिषदेच्या हद्दीत असाल तर

रत्नागिरी, मालवण, वेंगुर्ला, चिपळूण, अलिबाग, मुरुड इथल्या नगरपरिषदा, आणि गुहागर, दापोली, देवगड-जामसंडे अशा नगरपंचायती १९६५ च्या वेगळ्या कायद्याखाली येतात. त्या कायद्यातली मूळची रीत वार्षिक भाडेमूल्याची: घर भाड्याने दिलं तर वर्षाला वाजवी किती भाडं येईल ते धरायचं, दुरुस्तीपोटी १० टक्के वजा करायचे, उरतं ते करयोग्य मूल्य. फेरआकारणी इथेही चार वर्षांनी.

म्हणून मोजणी, प्रकार, वर्ष हे सगळं इथेही करायचंच, पण नजर आणखी एका गोष्टीवर ठेवायची: स्वतः राहता की भाड्याने दिलंय. भाडेकरू सोडून गेला असेल तर ते लेखी कळवा. बिलात शिक्षण कर दिसेल, तो राज्य शासनाचा. रोजगार हमी कर निवासी घराच्या बिलात दिसला, तर आधी वापराचा रकाना बघा, कारण तो बिगरनिवासी मालमत्तेला लागतो. तुमचं घर कागदावर दुकान झालेलं असू शकतं.

## पायरी ९: भरणा

ग्रामपंचायतीत चालू वर्षाची पट्टी पहिल्या सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत भरली तर ५ टक्के सूट मिळते. वर्ष उलटून गेलं तर ५ टक्के दंड. गणेश चतुर्थी नेहमी या तारखेच्या आत येते. चाकरमान्यांनी गणपतीला आल्यावर पहिल्या दोन दिवसांत कार्यालय गाठावं. विसर्जनानंतर परतीच्या गाडीची घाई असते आणि कार्यालयात तुमच्यासारखेच पन्नासजण असतात.

माजी सैनिक आणि सैनिकांच्या विधवांना एका निवासी घरावर मालमत्ता कराची माफी आहे. ती आपोआप लागत नाही, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचं प्रमाणपत्र जोडून अर्ज करावा लागतो. आमच्या वाडीत दोन घरं या माफीत बसणारी होती आणि दोन्ही घरं पट्टी भरत होती.

पावती घेताना तिथेच उभं राहून वाचा: घर नंबर बरोबर आहे का, रक्कम 'मागील' मध्ये टाकली की 'चालू' मध्ये, सूट वजा झाली का. मग पावतीचा फोटो काढा. कोकणातल्या दमट हवेत ट्रंकेतली पावती चार पावसाळ्यांत पांढरी पडते, आणि पुढच्या आकारणीच्या वेळी नेमकी तीच लागते.